चेतकचं चुंबक आणि जगाचे नियम

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने दुर्मिळ मृदा धातूंच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली आणि काही महिन्यांतच आकुर्डीत बनणाऱ्या चेतक ई-स्कूटरचं उत्पादन बजाज ऑटोला घटवावं लागलं. मोटारीच्या फिरत्या भागात बसणारे हे छोटे तुकडे. पण माल नेमका कशात वापरणार याचं हमीपत्र देऊनही परवाना लवकर हाती येईना. चीनने कारण दिलं राष्ट्रीय सुरक्षेचं. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेने वाहनांच्या सुट्या भागांवर २५ टक्के शुल्क लावलं, तेही सुरक्षेच्याच नावाने. दाद मागावी, तर जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९पासून ठप्प आहे. नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेनेच रोखल्या.

जागतिक व्यापाराचे हे नियम मुळात श्रीमंत देशांच्या सोयीचे, मग त्यांचं दुःख कशाला, असं विचारलं जातं. त्यात तथ्य आहे. मोटार कंपन्यांनी पाच वर्षांत ७० टक्के सुटे भाग देशातच घ्यावेत ही १९९७ची आपली अट युरोप-अमेरिकेच्या तक्रारीवरून २००१मध्ये नियमबाह्य ठरली. पण तिथे निदान सुनावणी झाली, बाजू मांडता आली. आणि फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र यांचे चाकणचे कारखाने त्यानंतरच उभे राहिले. नियम मोडले की बलाढ्य देश आपापसांत सौदा करून मोकळे होतात. भोसरीच्या लघुउद्योजकाला त्या टेबलावर जागाच नसते. म्हणून अपील मंडळ पुन्हा उभं करण्याचा आग्रह भारताने सोडता कामा नये.