दुकानदारीची पदवी

बारावीचे निकाल लागले की सुरतेतील उधना, लिंबायत या भागांतल्या मराठी घरांत अलीकडे एक नवाच वाद ऐकू येतो. खानदेशातून ताप्ती रेल्वेमार्गाने आलेली ही माणसे यंत्रमागांवर राबली. त्यांची मुले महापालिकेच्या मराठी शाळांत शिकली. आता मुलगी म्हणते, रिटेल मॅनेजमेंटची पदवी घ्यावयाची. बाप विचारतो, दुकानात उभे राहावयास पदवी कशाला? ज्या नगरीची श्रीमंती १६६४ साली शिवछत्रपतींना तेथवर घेऊन गेली, त्या नगरीत व्यापार पेढीवर बसूनच शिकला जात असे. तेव्हा बापाची शंका अगदीच अनाठायी नाही. परंतु दहा शहरांत शाखा असलेल्या दुकानाचा मालसाठा, खरेदी आणि उधारी आता संगणकावर चालते. तेथे व्यवस्थापकाच्या खुर्चीपर्यंत जावयाचे तर पदवी विचारली जाते.

पदवी घ्यावी, पण ती देणार कोण? १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यान्वये पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या वा मान्यता पावलेल्या विद्यापीठांनाच आहे. रिंग रोडवरील एखाद्या इमारतीवर ‘इन्स्टिट्यूट’ अशी झगमगती पाटी लागल्याने तो प्राप्त होत नाही. पदवीपत्रावर कोणत्या विद्यापीठाचे नाव येणार, हे लेखी मागावे. ‘आमचे वीर नर्मद विद्यापीठाशी संलग्नीकरण आहे’ असे कोणी सांगितले, तर १९६५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाच्याच कचेरीत खात्री करावी. बीबीए असेल तर २०२४-२५ पासून हा अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आहे. तिची मान्यताही पाहावी.

हातावर पोट असलेल्या घरांनी, आमच्या मते, आयोगाने २०१४ मध्ये सुरू केलेल्या बी. व्होक. योजनेचा आधी विचार करावा. एका वर्षाने पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका, तीन वर्षांनी पदवी अशी तिची रचना आहे. मध्येच कारखाना बंद पडला आणि फी थकली, तरी मुलगी रिकाम्या हाताने घरी येत नाही. मोठ्या नावाच्या महाविद्यालयात ही सोय असेलच असे नाही.

या अभ्यासक्रमांत दुकानात प्रत्यक्ष काम करण्याचा काळ असतो. तो शिक्षणाचा की फुकटच्या मजुरीचा, हे माहितीपत्रकावरून कळत नाही. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फाटकाबाहेर गाठून विचारावे: दिवाळीच्या गर्दीत कपड्यांच्या घड्याच घातल्या, की खरेदीचा अंदाज बांधावयासही बसवले? विद्यावेतन मिळाले का? नोकऱ्यांच्या जाहिरातीत कंपन्यांची बोधचिन्हे असतात. पद आणि पगार नसतो. नेमका तोच विचारावा. रत्नागिरी-मालवणकडून मुलांना मुंबईस धाडणाऱ्या आमच्या किनाऱ्यावरील पालकांनाही हीच चौकशी करावी लागणार आहे.

आणखी एक. प्रवेशाच्या घाईत मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्याची काही ठिकाणी रीत आहे. तपासून झाल्यावर मूळ कागद परत करावेत, असे आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे. तेव्हा खिडकीपाशी उभे असतानाच ते मागून घ्यावेत.