दहा राजे आणि साडेपाचशे खुणा

सावंतवाडीच्या राजवाड्यात दशावतारी गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते, पाहायला येणारा माणूस बहुधा दहा राजे पाहतो आणि तिथंच थांबतो. मत्स्यापासून कल्कीपर्यंतचे दहा अवतार गोल पानांवर विराजमान झालेले, भोवती वेलबुट्टी. चौकटीत घालून दिवाणखान्यात लावायला याहून देखणं काय हवं? पण गंजिफेचा पुरा जोड एकशेवीस पानांचा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं. त्यांत राजे दहा आणि प्रधान दहा. उरलेली शंभर पानं एक्क्यापासून दश्शीपर्यंतची. त्यांवर देव नाहीत, देवांच्या खुणा आहेत. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, वामनाचे कमंडलू, परशुरामाचे परशू. एका रंगातल्या एक ते दहा पानांवरच्या खुणा मोजल्या तर पंचावन्न भरतात. दहा रंगांच्या साडेपाचशे. एक जोड पुरा करायचा म्हणजे चितारी एवढ्या खुणा हातानं काढणार, आणि एकाच रंगातला पहिला मासा नि पंचावन्नावा मासा एकाच कुळातला दिसायला हवा. माझ्या मते या कलेचा कस राजांच्या पानांवर लागत नाही, तो इथं लागतो.

गंजिफा आज बहुतेक जाड कागदावर होतात. जुनी रीत कापडाची. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड घ्यायचं. चिंचोके भाजून, सोलून, भिजवून वाटायचे आणि ते वाटण शिजवून खळ करायची. त्या खळीनं कापडाचे थर एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे. वर खडूच्या पांढऱ्या भुकटीचा लेप द्यायचा आणि गुळगुळीत दगडानं घोटत राहायचं, बोट निसटेल इतकं. मग गोल कापायचं, जमिनीचा रंग द्यायचा, कडेचं वर्तुळ आखायचं, बारीक कुंचल्यानं आकृती काढायची. शेवटी लाखेचं रोगण. रोगणाचं काम केवळ चकाकी आणण्याचं नाही; घामेजल्या बोटांनी हाताळून रंग उडू नये म्हणून ते लागतं. कोकणच्या दमट हवेत तर लागतंच.

ओडिशातल्या रघुराजपूरचा पट्टचित्रकार हे वाचून म्हणेल, ही तर आमचीच कृती. खरं आहे. तिथंही कापड, चिंचोक्याची खळ, खडू, दगडाची घोटाई, लाख. रंगांत शंखाचा पांढरा, हरताळाचा पिवळा, हिंगुळाचा लाल, काजळाचा काळा. पुरीच्या जगन्नाथाचे पट काढणारे तेच हात गंजिफाही रंगवतात. म्हणजे गंजिफेचं पान हा एक छोटा, गोल, कडक झालेला देवपटच. फरक वापराचा. पटापुढं हात जोडायचे. पान हातात धरायचं, आपटायचं, जिंकायचं किंवा हरायचं. देवाला असं खेळात ओढायला आपल्याकडच्या भाविकांना कधी संकोच वाटलेला दिसत नाही.

खेळ मुळात बाहेरून आला. बाबरानं 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फज्लनं ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या गंजिफेचं वर्णन केलं. मोगली जोड शहाण्णव पानांचा, आठ रंगांचा: ताज, शमशेर, गुलाम, चंग वगैरे, म्हणजे सगळा दरबार आणि खजिना. हा दरबार काढून तिथं विष्णूचे दहा अवतार बसवले, तेव्हा खेळाचा सांगाडा तोच राहिला. शहाण्णवाची एकशेवीस झाली एवढंच. ही अदलाबदल कुणी वरवर केलेली नाही, याचा पुरावा नियमांतच सापडतो. मोगली खेळात दिवसा सुर्ख, म्हणजे सोन्याच्या नाण्याचा रंग, पहिली उतारी करी. रात्री सफेद, म्हणजे चांदीच्या नाण्याचा. दशावतारी खेळात दिवसा उतारी रामाची, रात्री कृष्णाची. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी. ज्यानं कुणी हे जुळवलं, त्याला पुराणंही ठाऊक होती आणि पत्तेही.

नववा अवतार मात्र प्रांताप्रांतात वेष बदलतो. ओडिशात बुद्धाच्या जागी जगन्नाथ येतो. महाराष्ट्रातल्या जुन्या पंचांगांवर आणि देवळांतल्या दशावतारपटांत तिथं पुष्कळदा विठ्ठल कमरेवर हात ठेवून उभा असतो.

सिंधुदुर्गात दशावतार म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढं गंजिफा येत नाहीत, येते ती जत्रा. कार्तिकापासून गावोगावच्या ग्रामदेवतांच्या जत्रा सुरू होतात आणि दशावतारी नाटकं पहाटेपर्यंत चालतात. आधी आडदशावतार, त्यात काळा संकासुर सगळ्यांना हसवून जातो, मग पुराणातलं आख्यान. संहिता नसते. राजा झालेला नट आपला चेहरा आपणच रंगवतो आणि संवाद उभ्या उभ्या रचतो. याच मुलखातल्या चिताऱ्यांनी हे अवतार पानांवर काढले. नाटकाचा मुखवटा पाहून पान रंगवलं गेलं की नाही, यावर वाद घालण्यात मला रस नाही. एक मात्र दिसतं: दोन्हीकडं देव लांबून ओळखू यावा लागतो. जत्रेत मागच्या रांगेतल्या म्हातारीला, खेळात समोरच्या भिडूला. म्हणून प्रत्येक रंगाची जमीन वेगळी, रेषा जाड, डोळे मोठे आणि बारकावे नेमके.

सावंतवाडीचे चितारी एरवी लाकडावर काम करत: पाट, चौरंग, देव्हारे आणि ती रंगीत लाकडी फळं, जी चितार आळीत आजही टांगलेली दिसतात. गंजिफा हा त्यांच्या कामाचा एक भाग. दरबारी गंजिफेला नक्षीची किनार आणि नाजूक काम. बाजारी गंजिफा बिनकिनारीची, झटपट केलेली. माझा जीव बाजारी पानांवर जास्त. चार फटकाऱ्यांत कासव उभं करायचं आणि ते कासवच वाटलं पाहिजे, ही सोपी गोष्ट नव्हे.

मग युरोपातून छापील बावन्न पानं आली. स्वस्त, चौकोनी, पिसायला सोपी. गोल पानं पिसता येत नाहीत. ती चादरीवर पसरून, उलथीपालथी करून मिसळावी लागतात. गंजिफेला गिऱ्हाईक राहिलं नाही आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत ही कला जाणणारं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे सावंत-भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराला शोधून त्यांच्याकडून हे काम शिकून घेतलं. सत्त्वशीलादेवी स्वतः कुंचला घेऊन बसल्या, हे विशेष. सत्तरच्या दशकात राजवाड्यातच कार्यशाळा उभी राहिली, स्थानिक तरुण-तरुणी शिकू लागल्या. तिथं चित्रकार पाहुण्यांसमोर पानं रंगवताना दिसतात. मुंबईत राहिलेला जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यानं भारतभरच्या गंजिफा जमवून अभ्यासल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं 1982 मध्ये त्याचा ग्रंथ काढला. अलीकडं सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळालं. सत्त्वशीलादेवी 2018 मध्ये गेल्या.

हे सगळं चांगलंच झालं. पण वाचला तो कुंचला, खेळ वाचला नाही.

कुडाळजवळच्या पिंगुळीत याच्या उलट चित्र दिसतं. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी कापडावरची नव्हे, कागदावरची. एका आख्यानाची चित्रं म्हणजे एक पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे पान उलटलं की पुढचा प्रसंग. सावंतवाडी संस्थाननं या मंडळींना आश्रय दिला. हुडुक, टाळ आणि वीणेच्या साथीवर कथा सांगायची, चित्र समोर धरायचं. चित्रकथीबरोबर कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्याही. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं, ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पिंगुळीतही चित्रं विकायला असतात. पण तिथं गेलात तर कुणीतरी पोथी उघडून कथा लावतं. चित्र कशासाठी आहे, हे विचारावं लागत नाही.

गंजिफेचं असं होत नाही, याचं कारण तिचं गाणं नाही, नियम आहेत. आणि नियम शिकवायला तीन माणसं एकत्र बसावी लागतात. खेळ सोपाही नाही. हुकमाचा रंग नाही. तीन भिडूंना चाळीस चाळीस पानं. राजा वर, प्रधान त्याखाली. पण पुढं निम्म्या अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान, उरलेल्या निम्म्यांत नेमकं उलट. कोणतं पान पडलं आणि कोणतं अजून बाहेर आहे, हे सारखं ध्यानात ठेवावं लागतं. म्हणूनच खुणा इतक्या नेमक्या काढल्या जात. चुकलेला मासा केवळ कुरूप नसे, तो खेळ बिघडवी.

आज साडेपाचशे खुणा काढण्याची मेहनत कोण कुणासाठी घेणार? सुटे राजे विकले जातात तेव्हा चिताऱ्याला मासा पंचावन्न वेळा काढावा लागत नाही, आणि पंचावन्न वेळा काढल्याशिवाय तो हातात बसत नाही. उपाय माझ्या लेखी किरकोळ खर्चाचा आहे. प्रत्येक जोडाच्या लाकडी डबीत मराठीत छापलेला नियमांचा कागद घालावा, आणि राजवाड्यात चित्रकारांच्या शेजारी एक चादर अंथरून तिघांना खेळायला बसवावं. सावंतवाडीत रिकामपण असलेले, पत्ते कुटणारे तिघं मिळायला अडचण येऊ नये.