विहिरी-विहिरींचं सिक्रेट कनेक्शन!

माहीत आहे का? जालना जिल्ह्याच्या पोटात एक भन्नाट नेटवर्क आहे. टॉवर नाही, पण रिचार्ज दरवर्षी हवाच, आणि तोही पावसाच्या मर्जीने! मेंबर कोण? आपल्या विहिरी आणि बोअर.

कुणाची लाइन कुणाला जोडलीय, ते वरून कळत नाही. खाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. काळा पाषाण पाणी अडवतो. भेगाळलेला किंवा मांजऱ्या खडक ते पुढे सोडतो. म्हणून बांधाच्या अलीकडे धो-धो, पलीकडे ठणठणाट! पाणाडी तळहातावर नारळ धरून जागा सांगेल, पण दोन विहिरींची सोयरीक शोधणं नारळाच्या आवाक्याबाहेरचं.

मग? पंपिंग टेस्ट! एका विहिरीवर मोटर चालू करायची, शेजारच्या विहिरीत टेप सोडून पातळी मोजत राहायची. उतरली? नातं पकडलं! किती वेळात किती उतरली, यावरून खडकातून पाणी किती सहज वाहतं तेही निघतं. हे गणित अमेरिकेच्या थाइस यांनी १९३५ साली मांडलं.

आता ट्विस्ट. मे महिन्यात बदनापूरची विहीर खाली जाते, मंठ्याचीही जाते. दोघी जोडलेल्या? छे हो! दोघींना छळणारं ऊन एकच. सोबत उतरल्या म्हणून सोयऱ्या ठरत नाहीत. नुसतं बघून भागत नाही, एकीला मुद्दाम डिवचावं लागतं. माझ्या मते सगळ्या खेळातली खरी हुशारी इथेच आहे.

आणि हे माहीत आहे का? दाबाखालच्या थरात एक बोअर उपसली की लांबच्या बोअरची पातळीही झटपट हलू शकते. तिथलं पाणी इकडे पोहोचलेलं नसतं; पोहोचते ती दाबाची खबर. पाणी मागून, निवांत!

१९९३ च्या राज्याच्या कायद्यानेही विहिरींचं हे नातं गृहीत धरलं होतं: सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदायला बंदी होती. भेग मात्र सातबारा बघून थांबत नाही!

अशा छुप्या नात्यांचा सगळ्यात रंगीत किस्सा जर्मनीचा. डॅन्यूब नदीचं पाणी एके ठिकाणी जमिनीत गडप व्हायचं. १८७७ मध्ये तिथे १० किलो रंग ओतला. सुमारे ६० तासांनी, १२ किलोमीटरवरच्या आख झऱ्यातून हिरवंगार पाणी! तो झरा जातो ऱ्हाइनकडे. काळ्या समुद्राला निघालेलं पाणी चक्क उत्तर समुद्राच्या वाटेला!

तुम्हालाही रंग ओतून बघायचाय? आधी गावाला विचारा. प्यायचं पाणी आहे, राव!