संगणकाची घाई आणि आपली गुपिते

विद्यार्थी मित्रांनो, संगणक आणि मोबाइल फोन या आता आपल्या रोजच्या वापरातील वस्तू झाल्या आहेत. परीक्षेचा अर्ज भरणे, निकाल पाहणे, बँकेतून पैसे पाठवणे अशी कितीतरी कामे आपण त्यांच्यावर करतो. ही कामे करताना आपण आपला पासवर्ड, म्हणजेच परवलीचा शब्द, संगणकाला देतो. तो शब्द संगणक दुसऱ्या कोणाला कळू देणार नाही, असा आपला भरवसा असतो. परंतु २०१८ साली एक चिंताजनक गोष्ट उघडकीस आली. जगातील कोट्यवधी संगणकांच्या प्रोसेसरमध्येच असा दोष होता, की त्यातून ही गुपिते बाहेर पाझरू शकत होती. हा दोष कोणता आणि त्यावर कोणते उपाय झाले, ते आपण समजून घेऊ.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. सगळे हिशोब तोच करतो. त्याचा वेग फार मोठा असतो. आजचा साधा प्रोसेसर एका सेकंदात सुमारे ३ अब्ज ठोक्यांच्या तालावर काम करतो. परंतु ज्या माहितीवर काम करायचे, ती मेमरीत असते, आणि मेमरी त्या मानाने मंद असते. तिच्यातून एखादी माहिती आणण्यात प्रोसेसरचे शेकडो ठोके वाया जाऊ शकतात. हा वेळ वाचवण्यासाठी तज्ज्ञांनी दोन युक्त्या काढल्या.

पहिली युक्ती अशी, की नुकतीच वापरलेली माहिती प्रोसेसरच्या अगदी जवळ एका छोट्या जागेत ठेवायची. या जागेला 'कॅश' म्हणतात. कॅशमधील वस्तू चटकन हाती येते, तर मेमरीतील वस्तूला उशीर लागतो.

दुसरी युक्ती अंदाजाची. समजा, संगणकाला सांगितले आहे, की गुण ३५ किंवा अधिक असतील तर 'उत्तीर्ण' लिही, नाहीतर 'अनुत्तीर्ण' लिही. गुणांचा आकडा मेमरीतून येईपर्यंत प्रोसेसर रिकामा बसत नाही. आधीचे बरेच विद्यार्थी उत्तीर्ण झाले असतील, तर हाही उत्तीर्णच असेल, असा अंदाज करून तो पुढचे काम सुरू करतो. अंदाज खरा ठरला, तर वेळ वाचला. खोटा ठरला, तर केलेले काम तो टाकून देतो आणि नव्याने सुरुवात करतो. टाकून दिलेल्या कामाचा कोणालाही पत्ता लागत नाही, असेच सर्वांना वाटत होते. नेमकी येथेच गफलत झाली होती.

ही गफलत एका उदाहरणाने पाहू. बाजारात कापडाचे एक दुकान आहे. गल्ल्यावर मालक बसले आहेत. त्यांचा नोकर मोठा चपळ आहे. दुकानाच्या माळ्यावर कापडाचे १० तागे आहेत आणि त्यांच्यावर ० ते ९ असे क्रमांक आहेत. एक लबाड ग्राहक येतो. त्याला आपल्या शेजाऱ्याची उधारी जाणून घ्यायची आहे. तो म्हणतो, "उधारीच्या वहीत माझ्या शेजाऱ्याच्या नावापुढे जो पहिला आकडा असेल, त्या क्रमांकाचा तागा मला दाखवा." मालक दुसऱ्या कोणाचे बिल करत आहेत. ते हो म्हणतील, असा अंदाज करून नोकर वही उघडतो, आकडा पाहतो आणि माळ्यावरून ७ क्रमांकाचा तागा काढून गल्ल्याखाली आणून ठेवतो. एवढ्यात मालक मान वर करून म्हणतात, "दुसऱ्याची उधारी आम्ही कोणाला सांगत नाही." नोकर गप्प बसतो. तागा मात्र गल्ल्याखाली तसाच राहतो.

मग ग्राहक म्हणतो, "बरे, मला सगळेच तागे एकेक करून दाखवा." आता तो फक्त घड्याळाकडे पाहत राहतो. प्रत्येक तागा माळ्यावरून आणायला दोन मिनिटे लागतात, पण ७ क्रमांकाचा तागा क्षणात पुढे येतो. ग्राहकाला उत्तर मिळाले! कोणी तोंडातून शब्द काढला नाही, वहीही दाखवली नाही, तरी गुपित फुटले.

या गोष्टीतील नोकर म्हणजे प्रोसेसर, वही म्हणजे संगणकाची राखीव मेमरी, आणि गल्ल्याखालची जागा म्हणजे कॅश. लबाड ग्राहक म्हणजे दुष्ट हेतूने लिहिलेला प्रोग्रॅम. टाकून दिलेल्या कामाची खूण कॅशमध्ये राहते आणि लागलेला वेळ मोजून ती ओळखता येते. या दोषाला 'मेल्टडाउन' असे नाव मिळाले. मेल्टडाउन म्हणजे वितळणे. राखीव मेमरीभोवतीची भिंतच जणू यामुळे वितळून जाते. संशोधकांनी या मार्गाने एका सेकंदात सुमारे ५०० किलोबाइट माहिती वाचून दाखवली.

याच वेळी दुसराही दोष सापडला. त्याचे नाव 'स्पेक्टर', म्हणजे भूत. यात लबाड प्रोग्रॅम प्रोसेसरला आधी मुद्दाम एक सवय लावतो. अनेक वेळा योग्य मागणी करून तो त्याचा विश्वास मिळवतो. मग एकदाच चुकीची मागणी करतो. सवयीमुळे प्रोसेसर चुकीचा अंदाज करतो आणि दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रॅमला नको त्या वाटेने काही क्षण चालवतो. तेवढ्यात त्या प्रोग्रॅमचे गुपित कॅशमध्ये खूण ठेवून जाते.

हे दोष कोणी शोधले? गूगल कंपनीतील यान हॉर्न हे तरुण संशोधक प्रोसेसरची जाडजूड माहितीपुस्तके बारकाईने वाचत होते. वाचता वाचता त्यांना शंका आली आणि त्यांनी ती तपासून पाहिली. हा शोध प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे २२ वर्षे होते. ऑस्ट्रियातील ग्राझ तंत्रविद्यापीठाचे डॅनियल ग्रुस, मॉरिट्झ लिप आणि मायकेल श्वार्झ, तसेच अमेरिकेतील पॉल कोचर, हेही आपापल्या मार्गाने याच ठिकाणी पोहोचले होते. हॉर्न यांनी १ जून २०१७ रोजी इंटेल, एएमडी आणि एआरएम या कंपन्यांना ही गोष्ट कळवली. परंतु ती लगेच जगजाहीर केली नाही. कुलूप बदलण्याआधीच दार उघडे असल्याची दवंडी पिटली, तर चोराचेच फावते. म्हणून कंपन्यांना दुरुस्तीसाठी वेळ दिला गेला. ९ जानेवारी २०१८ हा दिवस ठरला होता, पण कुणकुण आधीच लागल्यामुळे ३ जानेवारीलाच सर्व माहिती प्रसिद्ध करावी लागली. १९९५ नंतरचे इंटेलचे बहुतेक सर्व प्रोसेसर मेल्टडाउनच्या कचाट्यात सापडण्याजोगे होते. स्पेक्टरचा धोका तर इंटेल, एएमडी आणि मोबाइल फोनमध्ये असणारे एआरएम या सर्वांनाच होता.

दोष प्रोसेसरच्या घडणीतच होता. मग कोट्यवधी प्रोसेसर काढून फेकायचे का? ते तर शक्य नव्हते. म्हणून संगणक चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये बदल केले गेले. मेल्टडाउनवरचा उपाय आपल्या दुकानाच्या उदाहरणाने सहज कळेल. ग्राहक दुकानात असताना उधारीची वही आतल्या खोलीत कुलूपबंद ठेवायची. मग नोकराने कितीही घाई केली, तरी त्याला वही दिसणारच नाही. ग्राझच्या संशोधकांनी असा उपाय दुसऱ्या एका कारणासाठी २०१७ मध्येच सुचवला होता. तोच येथे कामी आला.

स्पेक्टरवर एकच उपाय पुरेसा नव्हता. नाजूक ठिकाणी प्रोसेसरने अंदाज करू नये, अशा सूचना प्रोग्रॅममध्ये घातल्या गेल्या. वेळ मोजता येऊ नये, म्हणून इंटरनेट पाहण्याच्या ब्राउझरमधील घड्याळ मुद्दाम कमी अचूक केले. वेगवेगळ्या संकेतस्थळांची माहितीही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली जाऊ लागली. कंपन्यांनी प्रोसेसरच्या आतील सूचनाही सुधारून दिल्या. त्यातही अडचणी आल्या. इंटेलच्या नव्या सूचनांमुळे काही संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले, तेव्हा त्या सूचना वापरणे थांबवा, असे कंपनीलाच २२ जानेवारी २०१८ रोजी सांगावे लागले.

या उपायांची किंमतही मोजावी लागली. वही दर वेळी आतल्या खोलीतून आणायची, म्हणजे काम मंदावणारच. अनेक संगणकांचा वेग काही कामांत कमी झाला. पुढे नवे प्रोसेसर बनवताना मेल्टडाउनचा दोष मुळातच दूर केला गेला. तरी या जातीचे दोष संपले नाहीत. २०१९ मध्ये 'झोंबीलोड' आणि २०२३ मध्ये 'डाउनफॉल' असे आणखी दोष सापडले आणि प्रत्येकावर नवा उपाय करावा लागला.

मित्रांनो, यात घाबरून जाण्यासारखे काही नाही. अशी चोरी करायची, तर चोराचा प्रोग्रॅम आपल्याच संगणकावर किंवा मोबाइलवर चालावा लागतो. म्हणून अनोळखी ठिकाणाहून आलेला प्रोग्रॅम उतरवून घेऊ नये. संगणक किंवा मोबाइल दुरुस्तीची सूचना, म्हणजेच 'अपडेट', दाखवतो, तेव्हा ती कंटाळा न करता स्वीकारावी. एकच संगणक अनेक जण वापरत असतील, तर त्यावर बँकेचे काम करू नये.

'अति घाई, संकटात नेई' ही पाटी तुम्ही रस्त्याच्या कडेला वाचली असेल. ती फक्त वाहनचालकांसाठी नाही. वेगाच्या मोहात प्रोसेसर बनवणाऱ्या हुशार माणसांकडून एक खूण पुसायची राहिली आणि ती वीस वर्षांहून अधिक काळ कोणाच्या ध्यानात आली नाही. ती ध्यानात आली, कारण काही जणांनी माहितीपुस्तके धीराने वाचली आणि 'असे का?' हा प्रश्न विचारला. उद्या असाच एखादा प्रश्न तुमच्यापैकी कोणी विचारील.