उन्हाळ्यात गाडीच्या लेदर सीटला भेगा का पडतात?

नांदेड-लातूरमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. उन्हात बंद उभ्या गाडीत तर त्याहून जास्त. या उष्णतेने चामड्यातला ओलावा आणि तेलाचा अंश कमी होतो, सीट कडक होऊन भेगाळते.

आधी सीट खऱ्या चामड्याची आहे का, ते पाहा. अनेक गाड्यांत ‘लेदरेट’ म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर असतो. कंडिशनर त्यात मुरत नाही. ओलसर फडकं पुरे.

खरं चामडं असेल तर धूळ व्हॅक्यूमने काढा, नाहीतर पुसताना ओरखडे पडतात. लेदर क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा. वाळल्यावर कंडिशनरचा पातळ थर द्या. खोबरेल तेल नको, त्यावर धूळ चिकटते.

पडलेली भेग कंडिशनरने भरत नाही. फिलर आणि रंगकाम करावं लागतं. त्यापेक्षा गाडी सावलीत लावणं स्वस्त.