पाच तास कुठे गेले?

गेल्या पावसाळ्यात सकाळी सातच्या सुमारास एका तरुण शेतमजुराला जीपमधून आमच्याकडे आणले. पापण्या मिटलेल्या, आवाज घोगरा, तोंडातून लाळ गळत होती. घरच्यांची तक्रार मात्र पोटदुखीची! अंगावर कुठे सूज नव्हती, जखमही दिसत नव्हती. रात्री तो जमिनीवर झोपला होता एवढे कळले आणि संशय पक्का झाला. मण्यार.

या जातीचा साप बहुधा रात्री झोपलेल्या माणसाला चावतो. दंश मुंगीच्या चाव्याइतका किरकोळ वाटतो, कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोटात कळा, उलटी, मग पापण्या जड होणे, गिळता न येणे आणि शेवटी श्वास अडकणे, असा हा क्रम असतो.

आता वेळेचा हिशेब पाहा. रात्री दोनच्या सुमारास पायाला काहीतरी टोचले म्हणून तो जागा झाला आणि पुन्हा झोपला. तीनला पोट दुखू लागले तेव्हा ओवा आणि सोडा झाला. चारला डोळे उघडेनात. शेजारच्या आजोबांनी ‘पान लागले असावे’ असे बरोबर ओळखले, पण सल्ला दिला तो देवळात नेण्याचा. तिथे कडुलिंबाचा पाला चघळायला देऊन दीड तास गेला. मग जीपची शोधाशोध. वाटेतल्या एका खासगी दवाखान्यात लस नव्हती. तिथेही वीस मिनिटे मोडली.

मण्यारीच्या विषात हा उशीर फार महाग पडतो. आपण जिला ‘सापाची लस’ म्हणतो ते खरे तर प्रतिविष. रक्तात मोकळे फिरणारे विष ते निकामी करते, पण मज्जातंतूंच्या टोकांना झालेली इजा त्याने भरून येत नाही. ती टोके पुन्हा तयार व्हायला दिवस जातात आणि तोवर श्वास बाहेरून द्यावा लागतो. असा रुग्ण डोळे उघडत नाही, हलत नाही, पण त्याला ऐकू येत असते. ‘गेला’ म्हणून त्याच्या उशाशी रडू नका!

थोडे आमच्याही लोकांविषयी. लस कपाटात असूनही ‘जिल्ह्याला न्या’ अशी चिठ्ठी देणारे आहेत. लसीची रिअ‍ॅक्शन येईल ही भीती असते, ती खोटीही नाही, पण त्यासाठी अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी ठेवायचे असते. पहिला डोस देऊन मगच रुग्ण पुढे पाठवायचा. पोलीस केस आहे, आधी कागद होऊ द्या, असे कोणी म्हटले तर सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1989 सालीच सांगून ठेवले आहे की, जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य, पोलिसांचे सोपस्कार नंतर.

घरच्यांनी करायचे ते थोडेच आहे. आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, साप मारून आणण्यात वेळ दवडू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर लस एकच आहे. दंश झालेला अवयव फळी लावून स्थिर ठेवा, अंगठी, कडे, जोडवी काढा. 2014 पासून आपल्या राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. ती यायला वेळ लागणार असेल तर मोटारसायकलवर रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवून निघा आणि एकाने रुग्णालयात फोन करून लस आहे का ते आधी विचारा. लहान मुलालाही मोठ्यांइतकाच डोस लागतो, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही.

आमच्या रुग्णाला लस सुरू करून जिल्ह्याला पाठवले. वाटेत श्वास थांबला तेव्हा गाडीतली सिस्टर रुग्णालय येईपर्यंत अंबू पिशवी दाबत राहिली. सहा दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. हल्ली तो खाटेवर झोपतो, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचून.