चेंबरची गळती आणि बोल्टचा पीळ

मोटार उभी करण्याच्या जागी तेलाचे काळे डाग दिसू लागले की पहिला संशय येतो तो इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइल पॅनवर. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला 'चेंबर' म्हणतात. लहान मोटारीत साधारण ३ ते ४ लिटर वंगणतेल असते. पंप ते चेंबरमधून जाळीवाटे ओढून फिरत्या भागांना पुरवतो आणि ते पुन्हा चेंबरमध्ये ठिबकते. चेंबर व इंजिन यांच्या सांध्यात जी पट्टी असते ती गॅस्केट, म्हणजेच 'पॅकिंग'.

गळती दिसली की बरेच जण पाना घेऊन बोल्ट आवळतात आणि पुष्कळदा गळती वाढते! असे का व्हावे?

चेंबरमधील तेलावर फारसा दाब नसतो. पंपाचा दाब असतो तो पुढच्या मार्गांत. परंतु डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या धातूच्या पृष्ठभागावरही सूक्ष्म उंचवटे आणि खड्डे असतात. तापून पातळ झालेले तेल या फटींतून झिरपते. पॅकिंग दबून फटी भरून काढते. यासाठी पूर्वी बूच फार वापरत. त्यात हवेने भरलेल्या असंख्य पेशी असतात, त्यामुळे ते दाबले तरी बाजूला फारसे फुगत नाही. रबराचे घनफळ मात्र जवळजवळ बदलत नाही. ते दाबले की बाजूला सरकते. जादा आवळले तर ते सांध्याबाहेर येते किंवा फाटते.

आता बोल्टचा हिशेब करू. बोल्टला दिलेला पीळ = ०.२ × बोल्टचा व्यास × बोल्टमधील ताण, हे स्थूल सूत्र आहे. अनेक गाड्यांत चेंबरचे बोल्ट ६ मिलिमीटर व्यासाचे असतात. त्यांना १० न्यूटन-मीटर पीळ दिला, तर ताण सुमारे ८,३०० न्यूटन, म्हणजे जवळपास ८५० किलोग्रॅम वजनाइतका होतो! यासाठी २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला फक्त ५ किलोग्रॅम वजनाइतका जोर पुरतो. त्याच्या चौपट जोर लावला की बोल्ट तुटतो किंवा आटे मोडतात. त्याआधीच चेंबरची पातळ पत्र्याची कड बोल्टपाशी खोलगट होते आणि दोन बोल्टांच्या मधे उचलली जाते. तेल तेथूनच बाहेर पडते.

पॅकिंग घरी बदलायचे असेल तर गाडी सपाट जागी घ्यावी. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम स्टँड लावावेत. तेल कोमट असताना काढावे, ते सहज वाहते. चेंबर उतरवल्यावर जुने पॅकिंग लाकडी वा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे. लोखंडी पात्याने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात. कड वाकली असेल तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलके ठोकून सपाट करावी. चेंबरला मोठा पोचा पडला असेल तर ते बदलावेच, कारण पोचा जाळीला टेकला तर पंपाला तेल मिळत नाही आणि इंजिन जळू शकते.

दोन्ही पृष्ठभाग तेलविरहित व कोरडे करून नवे पॅकिंग ठेवावे. सर्व बोल्ट आधी हाताने बसवावेत. मग मधून टोकांकडे, आलटून पालटून समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. पीळ किती द्यायचा हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. सिलिकोनचा लेप वापरला असेल तर घाई करू नये. तो हवेतील बाष्प शोषून कडेकडून आत घट्ट होतो. मगच तेल भरावे. काही गाड्यांत चेंबर काढण्यासाठी इंजिन उचलावे लागते. तेथे गॅरेजच बरे.

काढलेले तेल गटारात वा मातीत ओतू नये. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार तो घातक कचरा आहे. ते डब्यात भरून अधिकृत संकलकाकडे पोचवावे.

वर्गात हे सहज दाखवता येईल. ओल्या स्पंजावर प्लॅस्टिकची लवचीक पट्टी ठेवा आणि दोन टोके बोटांनी दाबा. पट्टीचा मधला भाग वर उचलला जाईल. आणखी जोराने दाबा. फट कमी होते की वाढते, हे विद्यार्थ्यांनाच पाहू द्या.